आईच्या मापाची गाडी

पहाटे आमच्या घरात पहिला आवाज व्हायचा तो शिलाई मशीनचा. अण्णांची पहिली पाळी असली की आई त्यांच्याही आधी उठे, चहाचं आधण ठेवी आणि ते उकळेपर्यंत मशीनवर बॉबिन भरून घेई. त्या घरघरीनं मी जागा व्हायचो आणि कूस बदलून पुन्हा झोपायचो. अजूनही कुठे मशीन चालू असलं की मला आल्याच्या चहाचा वास आल्यासारखं वाटतं. इंदिरानगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्या दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचं अंगण, अंगणाच्या कडेला जास्वंद आणि पाण्याचा पिंप. आई नांदगावची. तिच्या माहेरची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा, आणि त्या दिवशी शेजारच्या काकू काही ना काही निमित्त काढून हमखास डोकावायच्या.

आई कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळांचे गणवेश शिवायची. शिवून झालेले गठ्ठे मेन रोडच्या आणि सिडकोतल्या दुकानांत पोचवायला ती सिटी बसनं जायची, मांडीवर गठ्ठा आणि गठ्ठ्यावर पर्स. उंचीनं ती फारच बुटकी होती. माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागायचं, बसच्या वरच्या दांडीला तिचा हात पोचायचा नाही. मशीनचं पायडलही तिला खाली पडायचं, म्हणून अण्णांनी त्यावर लाकडाची जाड फळी ठोकून दिली होती. अण्णा म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. फार कमी बोलायचे. जेवताना मीठ कमी असलं तर नुसतं मिठाच्या बरणीकडे बघायचे. लहानपणी मला वाटे, हा माणूस आपल्यावर रागावलाय. त्यांच्या गप्प बसण्याचे प्रकार ओळखता यायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा नांदगावच्या मामानं त्याची जुनी मोटारसायकल मला दिली. त्यानं ट्रॅक्टर घेतला होता आणि गाडी गोठ्याशेजारी धूळ खात पडली होती. टेम्पोत घालून तो स्वतः ती घेऊन आला, अंगणात उतरवली आणि म्हणाला, “घे भाच्या. लय पळाली ही माझ्याकडं, आता तू पळव.” शंभर सीसीची साधी गाडी. उंच, काटकुळी, दुधाचे कॅन लटकवून लटकवून दोन्ही बाजूंना पोचे पडलेली. मला ती मिळाल्याचा आनंद आठवडाभर टिकला. मग एकदा कॉलेज रोडला मुंबईच्या कुणाची तरी एक गाडी उभी दिसली. जमिनीला चिकटून, दबा धरून बसलेल्या मांजरासारखी. पुढून बुटकी, मागून बुटकी, टाकी काळी कुळकुळीत, जास्तीचा एक तुकडा अंगावर नाही. मी आणि सादिक ती गाडी जाईपर्यंत तिच्याभोवती फिरत राहिलो.

सादिक माझा शाळेपासूनचा मित्र. द्वारका चौकाजवळ त्याच्या अब्बांचं गॅरेज होतं आणि तो कॉलेज करून संध्याकाळी तिथे काम करायचा. “विजू,” तो म्हणाला, “आपली पण अशी होऊ शकते यार. अवघड काही नाही.” घरी येऊन मी अण्णांना विचारलं. त्यांनी पेपर खाली केला, अंगणातल्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “गाडी तुझ्या मामानं तुला दिलीये. तू बघ.” ही परवानगी होती की नाही, यावर मी फार विचार केला नाही. त्या वयात कोण करतो?

पुढचा महिनाभर आमचं अंगण म्हणजे गॅरेज झालं. सगळ्यात आधी निघालं ते साडीगार्ड. मागच्या चाकावरची ती जाळी असली की गाडी संसारी दिसते, असं आमचं ठाम मत होतं. मग क्रॅशगार्ड, मग मागचं लांब मडगार्ड. गाडी खाली आणायचं काम सादिकनं केलं. पुढच्या चाकाचे दोन पाइप वर जिथे हँडलच्या पकडीत आवळलेले असतात तिथले बोल्ट ढिले करून त्यानं ते दोन बोटं वर सरकवले, की पुढचा भाग आपोआप खाली बसला. मागचे शॉकअप काढून त्याजागी एका लहान गाडीचे आखूड शॉकअप बसवले, ते आम्ही भंगार बाजारात अर्धा दिवस हुडकून आणले होते. हँडल बदललं. टाकीचे पोचे काढून सादिकनं तिला काळा रंग मारला आणि त्यावर बारीक मरून पट्टी ओढली. ती पट्टी ओढताना त्यानं श्वास रोखून धरला होता, आणि त्याच्याबरोबर मीही. आता नातवंडांच्या वयाची पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून ही सगळी कामं करतात, सुटे भाग घरपोच येतात. चांगलंच आहे. पण आमच्या हाताला आलेला तो रॉकेलचा आणि थिनरचा वास, आणि त्याच हातानं आईनं ताटलीत ठेवलेली गरम भजी खाल्ल्यावर तिनं घातलेल्या शिव्या, हे काही घरपोच येत नाही.

राहिली होती सीट. तिचा फोम आम्ही कापून निम्मा केला होता, पण वरचं कव्हर शिवणार कोण? सीट शिवणाऱ्यांकडे आठवडाभर नंबर नव्हता. आई म्हणाली, “मी कशाला आहे?” मी हसलो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सीट मांडीवर घेतली, टेपनं मापं घेतली, कागदाचा साचा कापला. रेग्झिन तिच्या मशीनच्या सुईला जड जात होतं, तर हातानं चाक फिरवत एकेक टाका घातला. कडेनं टाकीच्या पट्टीला जुळणारी मरून पायपिंग तिनं स्वतःच्या मनानं लावली. सादिक ते पाहून म्हणाला, “काकू, अब्बांच्या गॅरेजला तुमचा बोर्ड लावू का?” आई म्हणाली, “आधी हात धू आणि चहा घे.”

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी अण्णा कामावरून आले. अंगणात आल्यावर चपला काढता काढता त्यांनी सवयीनं आपली जेवणाच्या डब्याची पिशवी जवळच्या वस्तूला अडकवली. ती वस्तू म्हणजे माझ्या गाडीचं हँडल. गाडी खाली आणली तर साइड स्टँडही तेवढाच आखूड करावा लागतो हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या लांब स्टँडवर गाडी तिरकी टेकायच्या ऐवजी काठीसारखी सरळ उभी होती. पिशवीचा तेवढा भार पुरला. गाडी पलीकडच्या बाजूला धाडकन जास्वंदीवर कोसळली, इंडिकेटर फुटला, आणि स्टीलचा डबा घरंगळत थेट पिंपाखाली गेला. अण्णांचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर. मी आणि सादिक गाडी उचलायला धावलो.

“उद्या कुणाच्या लहान पोरावर पडली तर?” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. “ही होती तशी करा. रविवारपर्यंत. नाहीतर मामाला कळव, टेम्पो घेऊन ये म्हणावं.”

सादिकनं सायकल काढली आणि तो निघून गेला. त्या रात्री मी जेवलो नाही. आईनं भाकरी झाकून ठेवली.

रविवारी सकाळी सादिक जुने शॉकअप पोत्यात घालून घेऊन आला. अण्णा आत पेपर वाचत होते. आम्ही पाने काढले, गाडी भिंतीला टेकवून धरली. तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “थांबा रे. मला माझी पायपिंग तरी नीट बघू द्या, नंतर तुम्ही त्या सीटचं काय कराल देव जाणे.” ती वाकून बघत होती. मग म्हणाली, “बसल्यावर चुणी पडते का ते कळायला पाहिजे,” आणि साडीचा घोळ सावरत, मला काही समजायच्या आत ती सीटवर बसली. मी हँडल धरलं होतं, सादिकनं मागून धरलं होतं. आई चुणी बघायची विसरली. ती खाली फरशीकडे बघत होती. तिचे दोन्ही तळवे, टाचांसकट, फरशीवर सपाट टेकले होते.

“विजू,” ती हळूच म्हणाली, “सोड बरं हँडल.”

मी सोडलं. सादिकनंही सोडलं. आईनं गाडी पायांवर जरा डावीकडे कलवली, जरा उजवीकडे, आणि सरळ धरून ठेवली. मग तिनं ते सांगितलं, जे आम्हाला कधीच माहीत नव्हतं. लग्नाच्या आधी, नांदगावला, मामाची पहिली मोटारसायकल आली तेव्हा तिनं शिकायचा हट्ट धरला होता. मामानं तिला गाडीवर बसवलं, पाय अधांतरी लोंबत राहिले, कुणीतरी गमतीनं स्टँड काढला आणि ती गाडीसकट गल्लीत आडवी झाली. सगळी गल्ली हसली. आजोबा म्हणाले, आधी पाय तर पुरू दे. “मी मग कधी विषयच काढला नाही,” आई म्हणाली. “पण मला आली असती रे. सायकल मी सगळ्यांत आधी शिकले होते.” मग ती उतरली, सादिकच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाली, “ही उंच करायची नाही.”

त्यानंतर घरात जे झालं ते भांडण नव्हतं. आमच्या घरात भांडणं अशी होतच नसत. दुपारी जेवताना आईनं अण्णांना वाढता वाढता सांगितलं, “अहो, मी गाडी शिकणार आहे.” अण्णांचा घास हातातच राहिला. शेजारच्या काकूंच्या सुनेची लुना असते, तशी घ्यायची का, असं त्यांनी विचारलं. “असलेली गाडी सोडून दुसरी कशाला?” आई म्हणाली. अण्णा म्हणाले, “पडलीस तर?” आई म्हणाली, “पडले तर उठेन. आता माझे पाय टेकतात.” अण्णांनी ताटात पाणी ओतून हात धुतले. मला वाटलं, संपलं. पण ते उठून अंगणात गेले, गाडीजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला हाक मारली. “पुढचे बोल्ट कुणी आवळले?” “सादिकनं.” “चांगले आवळलेत,” ते म्हणाले. “स्टँड काढून दे मला.”

दुसऱ्या दिवशी ते स्टँड पिशवीत घालून कामावर घेऊन गेले आणि परवानगी घेऊन, आखूड करून, वेल्ड घासून गुळगुळीत करून घेऊन आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात गिअरची दांडी त्यांनी आईच्या पावलाच्या बेतानं आखूड केली. आम्ही हौसेनं लावलेली फॅन्सी आकड्यांची नंबर प्लेट मात्र त्यांनी काढली आणि साधी लावली. आणि साडीगार्ड पुन्हा बसलं. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, “आईच्या मागे कधी कुणी बाई बसली तर?” त्यांच्या डोक्यात गाडी रस्त्यावर पोचलीसुद्धा होती.

आईनं आयुष्यभर दुसऱ्यांचे पंजाबी ड्रेस शिवले होते, स्वतःसाठी एकही नाही. तो तिनं त्या आठवड्यात शिवला. जांभळ्या रंगाचा, बारीक पांढऱ्या फुलांचा. पहिल्यांदा घातला तेव्हा ती इतकी लाजली होती की आधी दाराआडूनच बोलली, मग बाहेर आली. मी “छान” म्हणालो. अण्णांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “ओढणी मागे घट्ट बांधून घे. चाकात जाते.” त्यांच्याकडून याहून मोठी कबुली मी कधी ऐकली नाही.

शिकवणी मोकळ्या प्लॉटांमधल्या मुरमाच्या रस्त्यावर, संध्याकाळी पाचनंतर. सादिक गॅरेज सोडून यायचा. किक मारताना पायानं नाही, अंगानं दाबायचं, हे त्यानंच तिला शिकवलं. क्लच सोडताना पहिल्या दिवशी गाडी बेडकासारख्या उड्या मारून बंद पडत होती. आम्ही दोघं दोन बाजूंनी पळत होतो. “काकू, सावकाश, सावकाश... सोडा, सोडा, जरा अजून...” पांडवलेण्यांच्या डोंगरामागे सूर्य जायचा, बायका भाजी घेऊन परतताना थांबून बघायच्या. एक-दोन जणी हसल्याही. आईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. पाठ सरळ ठेवून ती थेट समोर बघायची, मशीनवर लांब शिलाई घालताना बघायची तशी. चौथ्या का पाचव्या दिवशी तिनं वळणावर पुढचा ब्रेक दाबला, मुरमावर चाक घसरलं आणि ती पडली. मी पळत पोचलो तर ती खाली बसल्या बसल्या सीटच्या पायपिंगवरून हात फिरवत होती. कोपर सोलवटलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं. “फाटली नाही,” ती मला म्हणाली.

घरी अण्णांनी कापूस आणि औषध घेतलं आणि तिचं कोपर पुसायला बसले. मला खात्री होती की आता सगळं बंद होणार. आईलाही असावी, कारण ती दाराबाहेरच्या गाडीकडे बघत होती. अण्णांनी पट्टी बांधली, गाठ मारली.

“कुठला ब्रेक दाबलास?”

“पुढचा.”

“मागचा आधी,” ते म्हणाले, “मग पुढचा.”

महिन्याभरात तिला येऊ लागलं. रीतसर लायसन्स काढलं. मग सिडकोतल्या दुकानात गणवेशांचा गठ्ठा मागे बांधून ती एकटी जाऊन आली, आणि आल्यावर मशीनवर न बसता अर्धा तास नुसती अंगणात गाडीशेजारी उभी राहिली. माझी गाडी आठवड्यातून चार दिवस तिच्याकडे असायची आणि मला बसनं जावं लागायचं. खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं नाही. कॉलेज रोडला त्या गाडीकडे पोरं वळून बघायची, हे खरं. पण आई चालवत असताना लोक जसे बघायचे, त्याला तोड नव्हती.

अण्णा मात्र तिच्या मागे कधी बसले नव्हते. कुणाच्याच मागे बसायला त्यांना आवडत नसे. कंपनीची बस बरी, असं ते म्हणत.

मग तो बसचा संप आला. सिटी बस बंद, कंपनीच्या बसही त्याच आगारातल्या, त्याही बंद. सकाळी अण्णा नाइलाजानं एका सहकाऱ्याच्या स्कूटरवरून गेले. दुपारी त्या सहकाऱ्याच्याच घरून निरोप आला, की तो अर्ध्या दिवसानं घरी आलाय, तुमच्या माणसाचं तुम्ही बघा. सादिक घरी आलेला होता. मी म्हणालो, आई, मी आणतो. आई ओढणी बांधतच होती. “मी जाते,” ती म्हणाली. “सातपूरला मी अजून गेले नाहीये.” तिला एकटीला एवढ्या लांब सोडवेना, म्हणून मी आणि सादिक त्याच्या अब्बांच्या स्कूटरवर, जरा अंतर ठेवून, तिच्या मागे निघालो.

पाळी सुटली होती. कारखान्याच्या फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर येत होता आणि फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आई गाडीवर बसून होती. जांभळा ड्रेस, दोन्ही पाय जमिनीवर, हात हँडलवर. माणसं तिच्याकडे बघत बघत जात होती. अण्णा आले. त्यांच्याबरोबर चार-पाच जण होते. त्यांनी आईला पाहिलं आणि ते थांबले. त्यांच्यातला एक जण हसून काहीतरी म्हणाला, ते आम्हाला ऐकू आलं नाही. मी स्कूटरवरून उतरलो होतो. सादिकनं माझा दंड धरून ठेवला, “जाऊ नको.” अण्णा त्या माणसाला काहीतरी म्हणाले आणि रस्ता ओलांडून आईजवळ आले. पिशवी खांद्याला अडकवली. मग त्यांनी पाय टाकला आणि ते तिच्या मागे बसले. ते उंच, ती बुटकी. तिच्या डोक्यावरून त्यांना समोरचा सगळा रस्ता दिसत असणार. त्या माणसाला ते काय म्हणाले, हे मी त्यांना पुढे एकदा विचारलं. “काही नाही,” म्हणाले. “म्हटलं, तू चालत ये.”

दोघांच्या वजनानं आखूड शॉकअप पार दबले होते. पहिल्याच गतिरोधकावर सायलेन्सर घासला, असा कर्कश आवाज झाला की आईनं गाडी थांबवली. मागे वळून ती काही म्हणायच्या आत अण्णा उतरले. आई एकटी गतिरोधक ओलांडून पुढे गेली, अण्णा चालत गेले, पुन्हा बसले. अंबड लिंक रोडला गतिरोधक काही कमी नव्हते. प्रत्येक ठिकाणी तसंच. ती थांबली की हे उतरायचे, चार पावलं चालायचे, बसायचे. आम्ही मागून बघत होतो. आधी सादिक हसत होता, मीही हसत होतो. त्रिमूर्ती चौकाच्या पुढे कधीतरी आमचं हसणं थांबलं. अण्णा एका हातानं पिशवी धरून चालत जात होते, आणि आई पुढे थांबून, मान वळवून त्यांची वाट बघत होती, आणि त्यांच्या चालण्यात अवघडलेपणाचा मागमूसही नव्हता. माझ्या आई-वडिलांना एकमेकांची अशी वाट बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कदाचित मी बघतच नव्हतो. मला आयुष्यात पुष्कळ मिळालं, त्याबद्दल कुणाकुणाचे आभार मानायचे राहून गेले. पण त्या संध्याकाळी मला त्या रस्त्यावर, त्या दोघांच्या मागे असता आलं, याबद्दल मी सादिकचे आभार मानले आहेत, अगदी गेल्या महिन्यातसुद्धा. तो म्हणतो, स्कूटर तर अब्बांची होती.

हायवे ओलांडून आम्ही इंदिरानगरात शिरलो. घराच्या कोपऱ्यावर आईनं गाडी हळू केली, फाटकापाशी आणून अलगद थांबवली आणि इंजिन बंद केलं. अण्णा उतरले. शर्ट खाली ओढून नीट केला, फाटक उघडलं, आणि आईला गाडी आत घेता यावी म्हणून ते धरून उभे राहिले. ती आत आल्यावर त्यांनी फाटकाची कडी लावली आणि तिच्याकडे न बघता विचारलं,

“उद्या किती वाजता येशील?”